बकेटीचे दात आणि बिनलग्नाचा ऑपरेटर

आमच्या दुकानामागे झिजलेल्या दातांचा ढीग साचतो. भंगारवाला येतो, ढीग नेतो, जागा मोकळी होते. पण त्या दातांसोबत जे किस्से येतात ते कोण नेणार? ते माझ्याच डोक्यात साचून राहतात. चार लोकांना सांगितलं की जरा हलकं वाटतं. नंतर म्हणू नका की लताबाईनं तिखटमीठ लावलं. लावायची गरजच पडत नाही हो! येणारे लोकच असे आहेत की इतकी वर्षं मी त्या काउंटरवर तोंडाचा आ करूनच बसले आहे.

दात म्हणजे माणसाचे नाहीत. माती खोदायची ती छोटी पिवळी मशीन असते नं, तिच्या बकेटीच्या काठाला पोलादाचे दात असतात. काठावर खुंट्या वेल्डिंग केलेल्या असतात, खुंटीवर दात टोपीसारखा चढवायचा आणि आडवी पिन ठोकून पक्का करायचा. दात झिजला की पिन काढायची, नवा बसवायचा. झालं. एवढ्याशा कामात माणूस काय काय करू शकतो ते मी आरमोरीच्या रस्त्यावर दुकान टाकल्यापासून पाहून राहिले आहे.

काउंटरवर मी. मागे वेल्डिंगला आमचे प्रभाकरराव, म्हणजे माझे यजमान. ते आधी गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत मशीन दुरुस्तीला होते, तिथं हात बसला. बोलणं मात्र नाही. त्यांच्या वाट्याचंही मीच बोलते. तिसरा रामदास, माझा धाकटा दीर. तो मशीन चालवतो, लोकांच्या शेतात बोड्या खोदतो. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला शेतातच केलेलं लहान तळं, आमच्याकडे ज्याच्या त्याच्या शेतात असतं. आणि चौथ्या आमच्या सासूबाई. त्यांना जगात एकच काळजी आहे, रामदासचं लग्न.

काळजी खोटी नाही. रामदासनं तिशी ओलांडली. दिसायला चांगला, खर्रा-तंबाखू खात नाही, कोणाच्या अध्यात मध्यात नाही. पण ऑपरेटर! पोरगी पाहायला गेलो की चहा होतो, पोहे होतात, गप्पा होतात, आणि "पोरगा काय करते?" इथं येऊन सगळं बसतं. सगळ्यांना नोकरीवाला पाहिजे. रामदास तोंडानं काही म्हणत नाही. पण त्याच्या सोबतीच्या पोरांची लेकरं शाळेत जायला लागली, आणि कोणाच्या वरातीत नाचून आला की तो कोपऱ्यात बसून उगाच पिनांना ग्रीस लावत बसतो.

*

मला पहिला धक्का दिला तो लाकडानं.

देवराव म्हणून एक ऑपरेटर आहे. पार तिकडे जंगलातल्या साइटवर असतो, जिथं दुकान नाही, वर्कशॉप नाही, मोबाइलला रेंज नाही. एक दिवस तो पिकअपमध्ये बकेट टाकून आला आणि म्हणाला, वहिनी, दोन दात द्या, दोन हरपले. मी बाहेर येऊन पाहिलं तर सगळे दात जागेवर. मी म्हटलं, याला ऊन लागलं. "सगळे तं हायेत नं भाऊ, हरपले कुठी?"

तो नुसता हसला. मी जवळ जाऊन एका दाताला हात लावला आणि चटका बसल्यासारखी मागे सरकले. लाकूड! अख्खा दात लाकडाचा, टोकाला तासलेला, वरून चिखल वाळलेला, त्यामुळे कळतच नव्हतं. दुसराही तसाच.

झालं होतं असं, की चिखलात दोन दात पडले आणि सापडले नाहीत. मालक घाई करून राहिला होता. गावात एका सुताराकडे बैलगाडीच्या आसासाठी ठेवलेलं धावड्याचं लाकूड होतं. त्यानं मोजमाप घेऊन दोन दात तासून दिले, पिनेला भोक पाडून दिलं, आणि देवरावनं त्यावर तलावातला गाळ काढला. मातीचा, दगडाचा नाही, पण काढला!

मी प्रभाकररावांना ओरडून बोलावलं. मला वाटलं आता हे देवरावची खरडपट्टी काढतील. त्यांनी लाकूड ठोकून बाहेर काढलं, आतली खुंटी बोटानं चाचपली आणि म्हणाले, "वाचली." कारण दात नसताना नुसत्या खुंटीनं खोदलं असतं तर खुंटीच झिजून गेली असती, मग ती कापा, नवी वेल्डिंग करा, दिवस घालवा. लाकडानं खुंटी झाकून धरली होती.

नवे पोलादी दात बसले. देवरावनं ते लाकडी दात उचलले, दुपट्ट्यात नीट बांधले आणि सीटमागे ठेवले. मी विचारलं, आता ते कायले पाहिजेत?

"असू द्या वहिनी," तो म्हणाला. "तुमच्यावाल्याचा भरोसा नाई."

माझ्याच दुकानात, माझ्याच तोंडावर!

*

मग तो नीलेश. एका ठेकेदाराच्या मशीनी सांभाळतो, नेहमी घाईत. त्याच्या मशीनच्या बकेटीची एक खुंटी तडकली होती. मशीन इथवर आणायला वेळ नाही, तिथल्याच वेल्डरकडून करून घेतो म्हणून त्यानं प्रभाकररावांना फोन केला. आमचे प्रभाकरराव फोनवर सहसा हो आणि नाही एवढंच बोलतात. पण त्या दिवशी त्यांनी चक्क समजावून सांगितलं, की वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढजो, नाही तर वेल्डिंगचा करंट वायरीतून मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये जाईल आणि तो जळेल. दोनदा सांगितलं. नीलेश दोन्ही वेळा हो भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेलरवर चढवून मशीनच आली. स्क्रीन काळी ठिक्कर. चावी फिरवली तर आवाज नाही, लाइट नाही, काही नाही. समोर लिंबूमिरची बांधलेली, बकेटीवर नारळ फोडलेला. नीलेश म्हणाला, नजर लागली भाऊ मशीनले.

प्रभाकररावांनी विचारलं, बॅटरी काढली होती का?

काढली होती. देवाशपथ काढली होती. स्वतःच्या हातानं उचलून बाहेर काढली होती.

आता प्रभाकरराव विचारात पडले. बॅटरी काढली तर मग जळलं कसं? ते मशीनभोवती फिरले, वाकून पाहिलं, परत फिरले. मग हळूच विचारलं, "काढून कुठी ठेवली होती?"

"सीटवर."

"आन् वायरी?"

नीलेश त्यांच्याकडे असा पाहायला लागला जसं काही त्यांनीच वेड्यासारखं विचारलं. "वायरी कायले काढाच्या भाऊ? लांब होत्या. सीटवरीक बराबर पुरल्या."

प्रभाकरराव आत गेले आणि पाणी प्याले. मला मात्र राहवलं नाही, मी नीलेशला जे बोलायचं ते सगळं बोलले. आणि नंतर जास्त राग कशाचा आला माहीत आहे? या माणसाचं लग्न झालेलं आहे! दोन लेकरं आहेत! आणि आमचा रामदास, जो साधी पिन बदलताना आधी चावी काढून खिशात टाकतो, त्याला कोणी पोरगी देत नाही.

*

लोक म्हणतात, मशीन घेताना इंजिन पाहा. मी म्हणते, दात खाजवून पाहा.

एक जण आला, आपली जुनी मशीन विकायची होती. बकेटीचे दात झिजून नुसते बुटके ठोंब राहिले होते. त्याला म्हटलं, नवा सेट घ्या, काढून देते. तो म्हणाला, विकाचीच हाय बाई, नवे कायले? मग त्यानं प्रभाकररावांना बाजूला घेतलं आणि विचारलं, गाडीच्या पत्र्याला पोचा आला की पुट्टी भरतात नं, तसे दात पुट्टीचे करून द्याल का? वरून पिवळा रंग मारला की झालं.

प्रभाकररावांनी त्याला दुकानाबाहेरचा रस्ता दाखवला. बोटानंच, शब्द वाया न घालवता. मला वाटलं संपला विषय.

पंधरवड्यानं एक नवाच माणूस मशीन घेऊन आला. तोंड इतकं पडलेलं की मी आधी स्टूल दिलं, मग पाणी दिलं. मशीन नुकतीच घेतली म्हणे. पूजा केली, हार घातला, बायकोनं कुंकू लावलं, आणि पहिलीच बकेट जमिनीत घातली तर दात जमिनीतच राहिले आणि बकेट वर आली. त्यानं खिशातून तुकडे काढून काउंटरवर ठेवले. पिवळा रंग, आत पुट्टी. बोटानं भुगा होत होता!

मी म्हटलं, तुम्हाला मशीन विकणारा माणूस मला चांगला ठाऊक आहे, तो इथंच आला होता, असाच जाऊ देऊ नका त्याला, गाठा त्याला, चार लोकांत उभा करा. मी तावातावानं बोलत होते आणि तो नुसता मान खाली घालून ऐकत होता.

शेवटी म्हणाला, "कसा उभा करू बाई, माह्या सख्खा साडू हाय थो. उद्या सासऱ्याच्या घरी एकाच पंगतीत बसाचं हाय."

*

आता रामदासचं ऐका.

आमच्याकडे पोरगा पाहायची एक पद्धत आहे. समोरून येतात ते नंतर. त्याआधी पोरीचा मामा नाही तर काका कोणी तरी गुपचूप येऊन जातो. पोरगा दारू पितो का, घरचे कसे आहेत, गिऱ्हाईक होऊन पाहून जातो. पोहा, चहा, कपडा किंवा किराणा विकणाऱ्याच्या घरी हे सोपं आहे. पण आमच्या दुकानात गिऱ्हाईक होऊन येणं म्हणजे कठीण काम.

पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवी, असे एक बुवा आले आणि म्हणाले, एक दात द्या.

मी विचारलं, कोणत्या मशीनचा? ते गडबडले. म्हणाले, चांगल्या मशीनचा. मी विचारलं, पिन आडवी की उभी? ते म्हणाले, तुम्ही द्याल ती. तोवर माझ्या ध्यानात आलं. मी लगेच आवाज गोड केला, खुर्ची पुसली आणि रामदासला हाक मारली. रामदास मागून आला तो डोक्यापासून पायापर्यंत काळा, नुकताच बकेटीखालून निघाला होता. दात तेवढे पांढरे, त्याचे. मी डोक्याला हात लावला.

बुवांनी त्याला दोन-चार गोष्टी विचारल्या, त्यानं सरळ उत्तरं दिली. मग त्यांना आता माघारही घेता येईना, त्यांनी तो दात विकत घेतला, पिशवीत टाकला आणि पिशवी ओढत बसस्टँडकडे गेले. निरोप आला, पोरगा चांगला आहे पण आमचं मन नाही. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

महिनाभरानं तेच बुवा परत दारात! सासूबाई दुकानातच होत्या. त्यांनी पदर सावरला, माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या डोळ्यांत एकदम उजेड. मला वाटलं, चला, मन बदललं. मी पुन्हा खुर्ची पुसली.

"तसाच एक दात अजून द्या बाई," ते म्हणाले. "वाऱ्यानं दरवाजा आपटे, त्याले लावला, बहुत मस्त बसला. आता मागच्या दरवाज्याले पाह्यजे."

आणि पोरीचं? सासूबाईंनी विचारलंच. तिचं जमलं म्हणे, वडश्याकडे. नोकरीवाला मिळाला.

दात मी दिला. काय करणार, दुकान आहे. पण सासूबाई आत गेल्या त्या संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत, आणि रामदासनं त्या दिवशी डब्यातल्या सगळ्या पिनांना ग्रीस लावलं.

*

अस्वलाचं कोणी खरं मानत नाही. मी स्वतः होते तिथं, पिकअपमध्ये.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. रामदास जंगलाला लागून असलेल्या एका शेतात बोडी खोदत होता. मध्ये एक मोठं वारूळ आलं. त्यानं बकेट घातली, वारूळ अर्धं फुटलं आणि बकेटीचा एक दात आत कुठे तरी राहिला. नवा दात घेऊन प्रभाकरराव निघाले तशी मीही बसले, पिनांचा डबा सांभाळायला.

आम्ही पोचलो तेव्हा रामदास जुना दात शोधत होता. तो सापडायलाच पाहिजे होता, कारण पोलादाचा दात मातीत राहिला आणि पुन्हा बकेटीखाली आला तर दुसरे दातही तोडतो. फावडं मारून मारून रामदास घामानं निथळला. तेवढ्यात पलीकडे मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाया एकदम उठल्या आणि आमच्या पिकअपमागे येऊन उभ्या राहिल्या. काही ओरडल्या नाहीत की काही नाही. त्यातली एक हळूच म्हणाली, "आला."

मी वळून पाहिलं आणि माझ्या हातातला पिनांचा डबा पायावर पडला. अस्वल! काळं, झुपकेदार, पाय आत टाकत टाकत सरळ वारुळाकडे. रामदास एका उडीत केबिनमध्ये. प्रभाकरराव पिकअपच्या टपावर कसे गेले ते त्यांनाही सांगता येत नाही.

अस्वलानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फुटलेल्या वारुळात तोंड घातलं आणि नखांनी माती उडवायला लागलं. वाळवी खायची होती त्याला. माती उडतेय, उडतेय, आणि एकदम ठण्ण! आमचा दात बाहेर येऊन मशीनच्या लोखंडी पट्ट्यावर आपटला. अस्वलानं एकदा त्याचा वास घेतला, फुत्कारलं आणि पुन्हा खायला लागलं. पोट भरल्यावर आलं तसं गेलं.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. तुमचा पोरगा वाचला, तुमचे दोन्ही पोरगे वाचले, मी वाचले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "मोहा वेचाले ज्या होत्या, त्याच्यात कोणी बिनलग्नाची होती का वं?"

*

आणि आता हा शेवटचा. याच उन्हाळ्यातला, मिरगाचा पाऊस तोंडावर आलेला.

सासूबाईंनी ठरवलं होतं, आता ऑपरेटर हा शब्द काढायचाच नाही. वडश्याकडच्या एका गावातलं स्थळ होतं. पोरीचं नाव वैशाली, वडील मोतीरामजी, धानाची शेती. मध्यस्थानं काय सांगितलं होतं देव जाणे, पण सासूबाईंनी आम्हाला बजावलं, पोरगा कंपनीत सुपरवायजर आहे. मी म्हटलं, आई, हे बरं नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. मी गप्प बसणं म्हणजे काय ते समजा! सकाळी त्यांनी रामदासला अंगणात बसवून त्याचे हात आधी रॉकेलनं, मग कपड्याच्या साबणानं, मग दगडानं घासले. नखांतला काळा रंग काडीनं कोरून काढला. पांढरा कोरा शर्ट. प्रभाकरराव दुकानावर थांबले, आम्ही तिघं गेलो.

घर चांगलं. ओसरीवर सतरंजी. पोहे आले, पोरगी आली, बसली. सावळी, उंच, खाली मान घालून बसायची तिला सवय नसावी, सरळ समोर पाहत होती. रामदासच मान खाली घालून बसला होता. मोतीरामजींनी शेतीपाण्याचं विचारलं, आणि मग तो प्रश्न आला. पोरगा काय करते?

"कंपनीत सुपरवायजर हाय जी," सासूबाई म्हणाल्या.

मोतीरामजींच्या हातातली बशी खाली आली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं पोरीकडे पाहिलं. ते म्हणाले, "सुपरवायजर? आमाले तं मशीन चालवते म्हणून सांगतलं होतं."

सासूबाईंना वाटलं कोणी तरी चुगली केली. त्या जोरात म्हणाल्या, छे छे, मशीनला तर तो हातही लावत नाही. मोतीरामजींनी रामदासचे हात पाहिले. घासून घासून गोरे झालेले.

"मंग राहू द्या बाई," ते म्हणाले. "सुपरवायजर नुसता उभा राहून पाहते. आमच्या पोरीनं मशीनवाला म्हणून हो म्हटलं होतं. हातानं काम करणारा पाह्यजे म्हणे तिले. याचे हात तं मास्तरावानी हायेत."

माझ्या घशात पोहे अडकले. आजवर ऑपरेटर म्हणून नकार ऐकले, आता ऑपरेटर नाही म्हणून नकार! सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. त्यांनी रामदासचा हात धरून पुढे केला, नखं पाहा जी, नखं पाहा, जलमाचा ऑपरेटर आहे हा, म्हणायला लागल्या. पण नखांत पाहायला राहिलं काय होतं? सगळं त्यांनीच काडीनं कोरून काढलं होतं. जितकं जास्त सांगायच्या तितकं ते लोक जास्त बिचकत होते. एकदा खोटं बोललेल्या बाईचं कोण ऐकतं? मला रडू यायला लागलं.

मग वैशालीच बोलली. मागे शेतात मशीन उभी आहे, म्हणाली. बोडी अर्धी खोदून झाली आणि बकेटीचे दोन दात गेले. नवे दात पोत्यात आणून ठेवलेत, पण जुन्या दातांच्या तुकड्यांत पिना अशा जाम बसल्या की त्या मशीनचा ऑपरेटर ठोकून ठोकून थकला आणि लग्नाला जातो म्हणून जो गेला तो आलाच नाही. पाऊस यायच्या आत बोडी झाली नाही तर धानाला पाणी कुठून द्यायचं?

"येत असन तं काढून दाखवा," ती रामदासला म्हणाली.

रामदास पहिल्यांदा उठून उभा राहिला. पोह्याच्या बशा हातात घेऊनच आम्ही सगळे शेतात. त्यानं मशीनभोवती एक चक्कर मारली, बकेट टेकलेली आहे का पाहिलं, चावी काढून खिशात टाकली. पिनेवर डिझेल ओतलं, भोकातली माती खरवडली. मग आधीच्या ऑपरेटरनं तिथंच टाकलेला घण उचलला आणि थांबला.

कारण आता दुसरा माणूस पाहिजे. आत बसलेल्या पिनेवर सुंबा टेकवावा लागतो. सुंबा म्हणजे वीतभर पोलादी कांडी. एकानं ती दोन्ही हातांनी पिनेवर धरायची आणि दुसऱ्यानं तिच्या डोक्यावर घण मारायचा. घण जरासा सरकला तर धरणाऱ्याची बोटं गेली. आमच्या दुकानात प्रभाकरराव सुंबा लांब दांड्याच्या चिमट्यात धरतात, हातात कोणाला धरू देत नाहीत. इथं चिमटा कुठून आणणार?

मोतीरामजी पुढे आले, पण त्यांचे हात थरथरत होते, रामदासच नको म्हणाला. वैशालीचा भाऊ होता, तो पाहता पाहता दोन पावलं मागे गेला. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मी पिना विकते, धरत नाही, मी स्पष्ट सांगितलं. सासूबाई देवाचं नाव घ्यायला लागल्या. रामदासनं घण हळूच खाली टेकवला. त्याचा चेहरा मला पाहवेना. तो शर्टाची बाही खाली करायला लागला.

तेवढ्यात वैशालीनं पदर कमरेला खोचला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि मातीत गुडघे टेकून बसली. बकेटीजवळ पडलेला सुंबा उचलला, पिनेवर बरोबर मधोमध टेकवला, दोन्ही मुठी आवळून धरला.

"अवो माय!" तिची आई किंचाळली. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. माझी बशी केव्हा पडली मला ठाऊक नाही.

रामदासच्या कपाळावर घाम आला. तो म्हणाला, "हात हालला तं जाईन."

"माह्या हात नाई हालत," ती म्हणाली. "तुमी मारा."

त्यानं घण वर उचलला. मी त्याच्या अगदी समोर उभी होते, म्हणून मला दिसलं. इतकी वर्षं घण मारणारा आमचा रामदास, घण खाली येता येता त्यानं दोन्ही डोळे गच्च मिटले! ओरडायलाही वेळ नव्हता.

ठण्ण झालं. पिन पलीकडून उडून बांधावर पडली. दाताचा तुकडा गळून खाली आला. मी आधी तिच्या बोटांकडे पाहिलं. दहाच्या दहा जागेवर.

रामदासनं डोळे उघडले. वैशाली त्याच्याकडेच पाहत होती. तिनं सुंबा खाली ठेवला नाही. गुडघ्यांवरच सरकली, दुसऱ्या दाताच्या पिनेवर तो टेकवला, मुठी पुन्हा आवळल्या आणि म्हणाली,

"आता डोळे उघडे ठेवून मारा."